हार्ड डिस्क दिसत नाही? घाई नको!



मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला गेलं, की मसालेभाताच्या रांगेत कोणीतरी गाठतंच. "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? आमची हार्ड डिस्क दिसतच नाहीये रे!" विचारणाऱ्याचा चेहरा पाहिला की लगेच कळतं, प्रश्न त्या शंभर डॉलरच्या डबीचा नाही. त्या डबीत लग्नाचे फोटो असतात, मुलांची पहिली पावलं असतात, व्हीएचएस कॅसेटवरून मोठ्या खटाटोपाने उतरवून घेतलेली मुंज असते, आणि कधीकधी आज हयात नसलेल्या आजोबांचा आवाजही असतो. तिकडे नातेवाईक जवळ असतात, एखादा अल्बम मावशीकडे नाहीतर काकांकडे सापडतो. आपल्यापैकी अनेकांचं घरचं संचित मात्र त्या एकाच डबीत बंद असतं.

म्हणून आज या विषयावर जरा सविस्तर लिहितो. लेख आयटीवाल्यांसाठी नाही, घरातल्या कोणालाही समजावा असा आहे. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी ही ठेवा. माझा अनुभव असा, की माहिती कायमची जाते ती बरेचदा डिस्क बिघडल्यामुळे नव्हे, तर डिस्क दिसेनाशी झाल्यावर पहिल्या तासात केलेल्या उपद्व्यापांमुळे! डिस्क दिसत नाही याचा अर्थ माहिती गेली असा होत नाही. घाईघाईत दाबलेलं 'फॉरमॅट'चं बटण मात्र ती खरोखर घालवू शकतं.

"दिसत नाही" म्हणजे नेमकं काय?

समजा, गावाहून पाहुणा यायचा आहे आणि तो आला नाही. आपण लगेच पोलिसांत जात नाही. एसटी सुटली का, तो फाट्यावर उतरला का, त्याला घर सापडलं का, आणि बिचारा दारात उभा असून आपणच कडी काढली नाही असं तर नाही ना, हे बघतो. हार्ड डिस्कचंही तसंच आहे. तुमचा फोटो पडद्यावर येईपर्यंत सहा टप्पे पार पडावे लागतात.

१. डिस्कला वीज मिळाली पाहिजे.
२. आतल्या तबकड्या फिरू लागल्या पाहिजेत. (एसएसडीत तबकड्या नसतात, तिथे आतली चिप जागी झाली पाहिजे.)
३. केबलमधून कॉम्प्युटरशी बोलणं सुरू झालं पाहिजे.
४. कॉम्प्युटरच्या बायोसने तिला ओळखलं पाहिजे.
५. विंडोज किंवा मॅकने तिची डिस्क म्हणून नोंद घेतली पाहिजे.
६. तिच्यावरचा विभाग आणि फाइल सिस्टिम वाचता आली पाहिजे, आणि विंडोजमध्ये तिला डी, ई, एफ असं एखादं अक्षर मिळालं पाहिजे.

घोडं कुठल्या टप्प्यावर अडलंय हे आधी शोधायचं, मग उपाय. नाहीतर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! केबल खराब असताना विंडोज पुन्हा टाकणारे आणि फक्त अक्षर हरवलेलं असताना नवी डिस्क विकत आणणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

सगळ्यात आधी कान द्या

फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क असेल तर ती कानाजवळ धरून ऐका. साध्या डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. त्यांच्यावरून माहिती वाचणारं हेड तबकडीला न टेकता, अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाचा केस साधारण पन्नास हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून ते अंतर किती कमी आहे याची कल्पना येईल.

आवाज चार प्रकारचे असू शकतात.

मंद, एकसारखी घरघर : छान! डिस्क फिरते आहे. पुढचे टप्पे तपासा.

काहीच आवाज नाही, कंपही नाही : वीज पोचत नाही, किंवा डिस्कचा सर्किट बोर्ड गेला आहे. आधी वीज आणि केबल तपासा.

बारीक 'बीप' किंवा गुणगुण, पण फिरणं नाही : वीज अपुरी आहे किंवा आत काहीतरी अडकलं आहे. दुसरी केबल आणि दुसरं पोर्ट एकदा वापरून बघा. तरीही तोच आवाज आला तर थांबा.

ठराविक लयीत 'टक्... टक्... टक्' किंवा खरखर : ताबडतोब बंद करा. हेडला तबकडीवरची खूण सापडत नाही आणि ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं आहे. हेड तबकडीला घासत असेल, तर प्रत्येक मिनिटाला माहितीचा थर खरवडला जात असतो. अशा वेळी "आणखी एकदा लावून बघू" हे वाक्य सगळ्यात महाग पडतं. माहिती मोलाची असेल तर या डिस्कवर घरगुती उपाय नाहीत. लेखातला 'तज्ज्ञाकडे जाताना' हा भाग वाचा.

बाहेरून लावायची डिस्क

बहुतेक घरांत अडचण असते ती यूएसबीने जोडायच्या डिस्कची. तिच्यासाठी हा क्रम ठेवा.

पहिली केबल. रोज वाकवून बॅगेत कोंबलेली केबल आतून तुटते आणि बाहेरून ठणठणीत दिसते. छोट्या डिस्कना असतो तो रुंद, चपटा, दोन भागांचा कनेक्टर तर ढिला पडण्यात पटाईत. केबल बदलताना एक लक्षात घ्या. काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जातच नाही. डिस्कचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला पत्ता नसतो!

दुसरं पोर्ट. डिस्क थेट कॉम्प्युटरला लावा, हबमधून नको. यूएसबी टू-पॉइंट-ओ पोर्टातून जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर वीज मिळते, थ्री-पॉइंट-ओमधून ९००. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या छोट्या डिस्कला सुरू होताना जरा जास्त वीज लागते. ती एका हबवर माउस, कीबोर्ड आणि फोनबरोबर वाटून घ्यायची वेळ आली, की डिस्क उपाशी राहते. टेबलावरच्या कॉम्प्युटरला मागचं पोर्ट वापरा. ते थेट मदरबोर्डवर असतं, पुढचं मात्र आतल्या एका वायरने जोडलेलं असतं.

तिसरा अडॅप्टर. मोठ्या, साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. आपल्या घरांत सारख्या दिसणाऱ्या काळ्या अडॅप्टरची एक अख्खी टोपली असते, राउटरचा, प्रिंटरचा, जुन्या लॅपटॉपचा. पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालतो असं नाही. १२ व्होल्टच्या डिस्कला १९ व्होल्टचा लॅपटॉपचा अडॅप्टर लावला तर सर्किट बोर्ड जळू शकतो. व्होल्ट, अँपिअर आणि पिनची ध्रुवता, तिन्ही बघून घ्या. भारतातून आणलेल्या अडॅप्टरवर '१०० ते २४० व्होल्ट' असं छापलेलं असेल तर तो इथल्या १२० व्होल्टवर आणि तिकडच्या २३० व्होल्टवर सारखाच चालतो, फक्त प्लग बदलायचा. नुसतंच '२३०' किंवा नुसतंच '१२०' छापलेलं असेल तर समुद्र ओलांडल्यावर तो लावू नका.

चौथा उपाय, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघणं. तिथे डिस्क दिसली तर ती ठीक आहे, दोष तुमच्या कॉम्प्युटरचा.

एवढं करूनही डिस्क फिरते पण दिसत नाही, असं झालं तर दोष डबीतल्या छोट्या बोर्डाचा असू शकतो. हा बोर्ड डिस्कची भाषा यूएसबीच्या भाषेत बदलतो. अशा वेळी जाणकार मंडळी डिस्क डबीतून काढून थेट जोडतात. पण घरी स्क्रू ड्रायव्हर हाती घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. काही छोट्या डिस्कमध्ये यूएसबीचं पोर्ट डिस्कच्याच बोर्डावर डाखलेलं असतं, थेट जोडायला वेगळी जागाच नसते. आणि काही मॉडेलमध्ये तो बोर्ड माहिती कुलूपबंद करून लिहितो, त्यामुळे डबीबाहेर काढलेली डिस्क दिसली तरी वाचता येत नाही. म्हणून मॉडेल क्रमांक बघून आधी खात्री करून घ्या.

काखेत कळसा : डिस्क मॅनेजमेंट

विंडोजमध्ये 'धिस पीसी' उघडलं, तिथे डिस्क दिसली नाही, की लोक हात टेकतात. पण ती खिडकी फक्त सहाव्या टप्प्यापर्यंत पोचलेल्या डिस्क दाखवते. पाचव्यावर अडकलेल्या बघायच्या तर स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा आणि 'डिस्क मॅनेजमेंट' निवडा. खाली आडव्या पट्ट्या दिसतील, प्रत्येक पट्टी म्हणजे एक डिस्क. आकारावरून आपली ओळखा. आता पुढीलपैकी काय दिसतं?

विभाग दिसतो, पण त्याला अक्षर नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' निवडा आणि मोकळं अक्षर द्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर नेटवर्कच्या ड्राइव्हने तेच अक्षर आधी घेतलेलं असलं की असं होतं. या उपायात माहितीला धोका नाही. मात्र कॉम्प्युटरच्याच डिस्कवर 'रिकव्हरी' किंवा 'ईएफआय' नावाचे छोटे विभाग मुद्दामच बिनअक्षरी ठेवलेले असतात, त्यांना हात लावू नका.

'ऑफलाइन' लिहिलेलं आहे. डावीकडच्या डिस्कच्या नावावर राइट क्लिक करून 'ऑनलाइन' करा.

'रॉ' लिहिलेलं आहे. डिस्क दिसते, पण तिची फाइल सिस्टिम विंडोजला कळत नाही. काम चालू असताना केबल उपटली, वीज गेली किंवा डिस्क खराब होऊ लागली की असं होतं. माहिती बहुधा तिथेच असते, तिची अनुक्रमणिका फाटलेली असते. फॉरमॅट करू नका.

'नॉट इनिशियलाइज्ड' किंवा 'अनअलोकेटेड'. इथे एकच प्रश्न स्वतःला विचारा : डिस्क नवी आहे की जुनी? कॉम्प्युटरच्या आत बसवायची नवी कोरी डिस्क अशीच दिसते, ती खराब म्हणून परत पाठवू नका. तिला इनिशियलाइज करा आणि 'जीपीटी' हा पर्याय घ्या, कारण जुन्या 'एमबीआर' पद्धतीत साधारण दोन टेराबाइटच्या पलीकडची जागा वापरता येत नाही. पण डिस्क जुनी असेल, तिच्यात फोटो असतील आणि खिडकी "इनिशियलाइज करू का?" असं विचारत असेल, तर उत्तर एकच, 'कॅन्सल'.

'नो मीडिया' किंवा आकार शून्य. डबीतला बोर्ड बोलतोय, त्याच्यामागची डिस्क गप्प आहे. दोष हार्डवेअरचा आहे, सॉफ्टवेअरने सुटणार नाही.

मॅकवर हेच काम 'डिस्क युटिलिटी' करते. तिथे 'व्ह्यू' मेनूतून 'शो ऑल डिव्हायसेस' निवडा. आणि फाइंडरच्या सेटिंगमध्ये 'एक्स्टर्नल डिस्क्स'समोर बरोबरची खूण आहे ना, हेही बघा. ती नसेल तर चांगली डिस्कसुद्धा डेस्कटॉपवर दिसत नाही.

एक घातक सौजन्य

"ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणं गरजेचं आहे. करू का?" विंडोज हा प्रश्न इतक्या अदबीने विचारतं, की माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. पण विंडोजला म्हणायचं असतं एवढंच, की "मला हे वाचता येत नाही." मोडी वाचता येत नाही म्हणून आपण पणजोबांचं दप्तर रद्दीत घालत नाही ना?

हा प्रश्न येण्याचं एक अगदी निरुपद्रवी कारण म्हणजे मॅक. घरात मुलीचं मॅकबुक आणि बाबांचा विंडोज लॅपटॉप, हे चित्र आता नेहमीचं आहे. मॅकवर तयार केलेली एपीएफएस किंवा एचएफएस प्लस पद्धतीची डिस्क विंडोजला वाचता येत नाही, म्हणून ते फॉरमॅट करायला सांगतं. उलट विंडोजची एनटीएफएस डिस्क मॅकवर वाचता येते, पण तिच्यावर लिहिता येत नाही. तेव्हा डिस्क आधी कोणत्या कॉम्प्युटरवर वापरली होती ते घरात विचारा. दोन्हीकडे चालणारी डिस्क हवी असेल तर नवी असतानाच ती 'एक्सफॅट' पद्धतीने फॉरमॅट करा.

टेबलावरचा कॉम्प्युटर

आतली डिस्क दिसत नसेल तर आधी बायोस बघायचा. कॉम्प्युटर सुरू होतानाच एक कळ दाबत राहायची. बऱ्याच मदरबोर्डवर ती डिलीट असते, डेलच्या मशीनवर एफ-टू, एचपीवर एफ-टेन. बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसलं, तर वीज, केबल आणि डिस्कची चिप ठीक आहेत. मग अडचण विंडोजकडे शोधा. नाव दिसलं नाही, तर कॉम्प्युटर बंद करा, प्लग भिंतीतून काढा आणि झाकण उघडा.

साटा डिस्कला दोन जोडण्या असतात, माहितीची अरुंद आणि विजेची रुंद. दोन्ही काढून घट्ट बसवा. तरी दिसली नाही तर माहितीची केबल बदला, ही चार-पाच डॉलरची वस्तू आहे. मग मदरबोर्डवरचं दुसरं पोर्ट वापरा. पॉवर सप्लायची विजेची वायर बदलायची झाली, तर दुसऱ्या पॉवर सप्लायची वायर कधीही वापरू नका. टोक सारखं दिसलं तरी आतली जोडणी वेगळी असू शकते आणि डिस्क जळू शकते.

नुकतीच एम-डॉट-टू एसएसडी बसवली आणि जुनी हार्ड डिस्क गायब झाली, असंही होतं. बऱ्याच मदरबोर्डवर एम-डॉट-टूची जागा एक-दोन साटा पोर्टांबरोबर सामाईक असते. एक वापरलं की दुसरं बंद. मदरबोर्डच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. केबल दुसऱ्या पोर्टात लावली की डिस्क हजर!

कॉम्प्युटर जुना असेल तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्यासारखी बॅटरी तपासा. ती संपली की घड्याळ मागे पडतं आणि बायोसची सेटिंग मूळपदावर जातात. त्यात डिस्कशी बोलायची पद्धत बदलली, तर चांगली डिस्क असूनही विंडोज सुरू होत नाही. बॅटरी बदला, तारीख लावा आणि साटाची पद्धत पूर्वी होती तशी करा.

आणि माळ्यावरून काढलेली रुंद, चपट्या केबलची आयडीई डिस्क असेल, तर मागे जंपरची छोटी टोपी असते. एका केबलवरच्या दोन्ही डिस्क 'मास्टर' असतील तर त्यांचं भांडण होतं आणि कधी एक, कधी दोन्ही दिसत नाहीत. एक मास्टर, दुसरी स्लेव्ह, असं ठेवा.

एक दिलासा देणारी गोष्टही सांगतो. बायोसमध्येसुद्धा दिसत नाही म्हणजे सगळं संपलं, असं नाही. सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेतल्या काही डिस्क २००८-०९ च्या सुमारास एकाएकी बायोसमधून अदृश्य होऊ लागल्या. दोष होता फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने तो मान्य करून सुधारित फर्मवेअर दिलं. तबकड्यांवरची माहिती तशीच शाबूत होती. घाबरून डिस्क कचऱ्यात टाकणाऱ्याने धडधाकट फोटो टाकून दिले असते.

लॅपटॉप आणि कुलूप

आजच्या लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडी असते. तिला आवाज नाही, त्यामुळे पूर्वसूचनाही नाही. नवं विंडोज टाकताना डिस्कच्या यादीत काहीच दिसलं नाही, तर लगेच एसएसडीला दोष देऊ नका. अनेक इंटेल लॅपटॉपमध्ये बायोसमधली 'व्हीएमडी' ही सोय चालू असते. तिचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून पेन ड्राइव्हवर घेऊन 'लोड ड्रायव्हर' केलं की डिस्क दिसते.

लॅपटॉप बंद पडला तर डिस्क काढून दुसरीकडे लावता येते, पण ती बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ आकड्यांची किल्ली मागितली जाते. हल्लीच्या विंडोज ११ मध्ये हे कुलूप अनेकदा आपल्या नकळत लागलेलं असतं. किल्ली बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आजच शोधा, छापा आणि पासपोर्टांच्या फाइलमध्ये ठेवा. किल्ली नसेल तर त्या माहितीपुढे जगातला कुठलाही तज्ज्ञ हतबल आहे. ॲपल सिलिकॉनच्या मॅकबुकमध्ये तर, म्हणजे नोव्हेंबर २०२० पासूनच्या, साठवणीच्या चिपा मदरबोर्डलाच डाखलेल्या असतात. काढून दुसरीकडे लावणं हा प्रकारच नाही. तिथे बॅकअप हाच एकमेव मार्ग.

दिसली, आता पुढे?

डिस्क पुन्हा दिसू लागली की पहिलं काम आनंद साजरा करणं नव्हे, प्रत काढणं! आधी फोटो आणि कागदपत्रं, मग व्हिडिओ, सिनेमे सगळ्यात शेवटी. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमने तिची तब्येत बघा. 'रीअलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टरचे आकडे वाढत असतील, तर डिस्क निवृत्तीला आली आहे.

डिस्क 'रॉ' असेल किंवा अडखळत वाचत असेल, तर तिच्यावर थेट 'चेकडिस्क' चालवू नका. तो प्रोग्रॅम फाइल सिस्टिमची घडी बसवण्यासाठी डिस्कवर लिहितो, आणि आजारी डिस्कवर लिहिणं म्हणजे रुग्णाला जिने चढायला लावणं. आधी दुसऱ्या डिस्कवर तिची अख्खी प्रत काढायची, मग दुरुस्तीचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर. लिनक्स जाणणाऱ्यांसाठी 'डीडीरेस्क्यू' हे अशा प्रतीचं उत्तम हत्यार आहे. 'टेस्टडिस्क' हरवलेले विभाग शोधतं आणि 'फोटोरेक' फोटो वेचून काढतं. तिन्ही मोफत आहेत. वाचवलेले फोटो त्याच डिस्कवर साठवायचे नाहीत, हे सांगायला नकोच.

हे करू नका

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा 'रामबाण' उपाय अजूनही फॉरवर्ड होत असतो. आत ओलावा धरतो आणि तबकडीचं नुकसान होतं. डिस्कवर टिचक्या मारणं, आपटणं नको. तबकड्यांचं झाकण घरी उघडू नका, धुळीचा कण हेडच्या त्या काही नॅनोमीटरच्या अंतरापुढे डोंगराएवढा असतो. तसाच दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड काढून बसवण्याचा उपायही आता सहसा चालत नाही. प्रत्येक बोर्डावरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची खास मोजमापं लिहिलेली असतात.

तज्ज्ञाकडे जाताना

टकटक करणारी, पडलेली किंवा भिजलेली डिस्क थेट माहिती परत मिळवून देणाऱ्या सेवेकडे न्या. नेहमीच्या दुरुस्तीच्या दुकानात "बघून ठेवा" म्हणून देऊ नका. खर्च काहीशे डॉलरपासून काही हजारांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून आधी विचारा : तपासणी मोफत आहे का? माहिती मिळाली नाही तर पैसे लागणार का? पैसे भरण्याआधी सापडलेल्या फाइलींची यादी दाखवणार का? डिस्क उघडायची वेळ आली तर धूळमुक्त खोली आहे का? डिस्क विमानाने न्यायची असेल तर स्पंजमध्ये गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात लोणच्याच्या बरण्यांशेजारी नको.

आईबाबांचा कॉम्प्युटर, फोनवरून

पुण्या-नाशिकहून फोन येतो : "अरे, पडद्यावर काहीतरी इंग्रजी आलंय आणि पुढे जातच नाही." आधी त्यांना पडद्याचा फोटो पाठवायला सांगा. 'नो बूटेबल डिव्हाइस' असं असेल तर लावलेले पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क काढून पुन्हा सुरू करायला सांगा. मग बायोसमधल्या तारखेचा फोटो मागवा. वर्ष मागचं असेल तर बॅटरीचं काम आहे. तिकडे वीज जाते-येते, पावसाळ्यात दमट हवेने जोडण्यांवर गंज चढतो. तेव्हा यूपीएस आणि वर्षातून एकदा साफसफाई, दोन्ही हवंच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॉलनीतला तंत्रज्ञ येऊन "विंडोज नवीन टाकून देतो" म्हणाला, तर त्याआधी तुमच्याशी बोलायला सांगा. त्याच्या दृष्टीने कॉम्प्युटर सुरू झाला की काम झालं. आईची हस्तलिखितं आणि बाबांचे पेन्शनचे कागद त्याला दिसत नाहीत. त्याला एवढंच सांगा : जुनी डिस्क काढून कपाटात ठेवा आणि विंडोज नव्या डिस्कवर टाका. कॉम्प्युटर त्याच दिवशी सुरू होतो, आणि जुनी डिस्क तुमच्या पुढच्या भारतवारीपर्यंत सुखरूप राहते.

विहीर आधीच खणा

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी लोकप्रिय केलेला तीन-दोन-एकचा नियम सोपा आहे. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा दुसऱ्या घरी. मूळ फोटो पुसून ते एकाच बाहेरच्या डिस्कवर हलवले, तर तो बॅकअप नव्हे, नुसतं स्थलांतर!

आपण दसऱ्याला यंत्रांची पूजा करतो, लॅपटॉपला हळदकुंकू वाहतो. त्याच दिवशी बॅकअपची डिस्क लावून पाच-दहा फोटो खरोखर उघडून बघायचे. तेच गुढीपाडव्याला. दोन्ही साडेतीन मुहूर्तांतले आणि एकमेकांपासून साधारण सहा महिन्यांवर, त्यामुळे वेगळं पंचांग बघायला नको. एसएसडीवर ठेवलेली प्रत तर वर्षानुवर्षं विजेशिवाय पडू देऊ नये, हे कामही त्यातच होऊन जातं.

आणि घराबाहेरच्या प्रतीच्या बाबतीत आपण परदेशस्थ खरं तर नशीबवान आहोत. आपली घरं दोन खंडांत आहेत. पुढच्या वेळी भारतात जाताना चॉकलेटांबरोबर एक भरलेली डिस्क न्या आणि आईच्या कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवून या. येताना तिकडच्या जुन्या अल्बमचे फोटो दुसऱ्या डिस्कवर घेऊन या. मग एखाद्या सकाळी इथली डिस्क दिसेनाशी झाली, तर तुम्ही शांतपणे केबल बदलून बघाल. चहा गार होणार नाही!